फ्रेमच्या बाहेर बघणारा माणूस

नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटकात तलकाडजवळ कावेरीच्या पात्रात एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूट चालू होतं. लग्न काही दिवसांवर आलेलं. फोटोसाठी दोघं लहानशा नावेत उभी राहायला गेली, नाव कलंडली आणि दोघंही बुडाली. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यापाशी रील करताना मुंबईहून आलेली एक तरुणी खोल दरीत कोसळली. त्याच्या पंधरवडाभर आधी, ३० जूनच्या रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध अडकलं आणि त्यातली पाच माणसं गेली. ते कुटुंब शूटसाठी गेलेलं नव्हतं, वर्षासहलीला गेलेलं होतं. पण पावसाळी शूटसाठी आपण जागा शोधतो त्या ह्याच, आणि पाण्यात उभं राहायची हौसही हीच.

अशी बातमी आली की आपण निष्काळजीपणाला दोष देऊन मोकळे होतो. मला ते अपुरं वाटतं. शूटवरची माणसं बेफिकीर नसतात, उलट फार मन लावून काम करत असतात. फोटोग्राफरचा डोळा व्ह्यूफाइंडरला, नवरा-नवरीचं लक्ष कॅमेऱ्याकडे, असिस्टंटचं रिफ्लेक्टरच्या कोनाकडे, मेकअप करणाऱ्या ताईंचं ओघळणाऱ्या काजळाकडे, करवलीचं शालूच्या पदराकडे. हजर असलेल्या प्रत्येकाची नजर फ्रेमच्या आत असते. वरून येणारं पाणी, मागे सरकणारं पाऊल, चढणारी भरती हे सगळं फ्रेमच्या बाहेर घडत असतं आणि तिकडे बघायला कुणी रिकामं नसतं.

म्हणून बाहेरच्या शूटचं नियोजन करताना माझी पहिली सूचना अशी, की एक माणूस असा न्या ज्याच्याकडे दुसरं कोणतंही काम नसेल. त्याच्या हातात रिफ्लेक्टर देऊ नका, त्याला 'जरा पडद्यामागचा व्हिडिओ घे' असंही सांगू नका. त्याने पाणी, आकाश, कडा आणि सगळ्यांचे पाय एवढंच बघायचं. त्याच्या गळ्यात शिट्टी हवी, कारण धबधब्याजवळ आणि वाऱ्यात ओरडलेलं ऐकू जात नाही. शिट्टी वाजली की सगळ्यांनी आहे तिथून मागे फिरायचं, कारण नंतर विचारायचं. हे गाडीतून उतरल्याबरोबर, कॅमेरा बाहेर काढायच्या आधी, सगळ्यांसमोर ठरवून टाका. 'दादा, एकच शॉट राहिलाय' ही विनंती मान्य करायचा अधिकार फोटोग्राफरलाही नाही, हे त्या वेळी मोठ्याने बोलून घ्या. आणि त्या माणसाला टीममधल्या इतरांसारखे पैसे द्या. फुकट आलेल्या मित्राचं कुणी ऐकत नाही.

हा माणूस त्या गावातलाच मिळाला तर उत्तम. वाडीतला गाईड, समुद्रावर असाल तर मासेमारी करणारे एखादे कोळी काका. त्यांना तिथलं पाणी वर्षानुवर्षं माहीत असतं.

रेकी कशी करावी

इन्स्टाग्रामवर जागा पाहून थेट शूटलाच जायचं, ही सवय सोडायला हवी. ज्या ऋतूत शूट आहे त्याच ऋतूत आणि ज्या वेळी आहे त्याच वेळी एकदा जागा पाहून या. फेब्रुवारीत कोरडा ठणठणीत असलेला कातळ जुलैत शेवाळाने इतका गुळगुळीत होतो की ट्रेकिंगचे बूटही त्यावर धरत नाहीत, मग मोजड्या आणि हील्सचं काय. मोबाइलची रेंज नेमकी कुठे संपते, गाडी कुठपर्यंत जाते, तिथून चालत किती वेळ लागतो, परतायला दुसरी वाट आहे का, हे लिहून घ्या. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे आणि तिथे सर्पदंशावरची लस ठेवलेली असते का, हेही फोन करून विचारा.

गावकऱ्यांना 'इथे सेफ आहे ना?' असं विचारू नका. पाहुण्याला बरं वाटावं म्हणून बहुधा 'काही होत नाही, बिनधास्त जा' हेच उत्तर येतं. त्याऐवजी 'इथे कुणी बुडालंय का? कुठून पडलंय का?' असं सरळ विचारा. लोक नेमका दगड, नेमका डोह बोट करून दाखवतात. शूटची जागा तिथून लांब धरा.

परवानगीचं थोडक्यात. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातले किल्ले, वनखात्याची हद्द, खासगी शेत यांची परवानगी आधी घ्या. ती कटकट वाटते, पण परवानगी काढायला गेलात की जागेवरच्या बंदीची माहितीही तिथेच मिळते. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अनेक धबधब्यांवर आणि धरणांवर बंदीचे आदेश काढतं. रेल्वेच्या रुळांवर शूट हा विषयच काढू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय समोरून येणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही.

पाणी

सह्याद्रीतल्या ओढ्याचं पाणी तुम्ही उभे आहात तिथल्या पावसाने वाढत नाही, वरच्या डोंगरावर पडलेल्या पावसाने वाढतं. तुमच्या डोक्यावर ऊन असताना दोन डोंगर पलीकडे ढग कोसळत असू शकतो आणि ते पाणी काही मिनिटांत तुमच्यापर्यंत पोचतं. त्यामुळे हवामान बघताना फक्त त्या गावाचं बघू नका, घाटमाथ्याचं बघा. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार' पाऊस. घाटमाथ्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर ओढा, धबधबा, नदी या जागा त्या दिवसापुरत्या यादीतून काढून टाका. यलो असेल तर कोरडा, उंचावरचा पर्याय तयार ठेवूनच निघा.

पाऊस नसतानाही नदी वाढते. कोलाडची कुंडलिका हे त्याचं रोजचं उदाहरण. तिथलं राफ्टिंग चालतं तेच मुळी वरून सोडलेल्या पाण्यावर. सकाळी खडक उघडे दिसतात, पाणी सुटलं की तेच खडक बुडतात. धरणाखालच्या कोणत्याही नदीपात्रात उतरण्याआधी पाणी कधी सोडतात हे पाटबंधारे खात्याच्या चौकीवर किंवा गावात विचारा. भोंगा ऐकू आला तर सामान आवरत बसू नका. सामान तिथेच राहू द्या, माणसं आधी बाहेर काढा.

वर सांगितलेल्या लक्ष ठेवणाऱ्या माणसाने ओढ्यावर काय बघायचं? पाण्याचा रंग स्वच्छचा गढूळ होणं, पाला-काटक्या वाहत येऊ लागणं, आवाज जड होणं, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसणं. यातलं एकही दिसलं की शिट्टी. मग पैलतीरावर अडकायचं नाही, ज्या काठाला गाडी आहे त्याच काठाने वर चढायचं. म्हणूनच मी म्हणेन की शूट कायम गाडीच्याच काठावर करा. ओढा ओलांडून पलीकडे जायची फ्रेम कितीही सुंदर असली तरी ती सोडा.

वाहत्या पाण्याची ताकद खोलीवरून समजत नाही. वेग दुप्पट झाला की पायावरचा जोर चौपट होतो, त्यामुळे गुडघ्याखालचं पाणीही धट्ट्याकट्ट्या माणसाला आडवं करतं. त्यात नऊवारी, लेहंगा किंवा लांब मागे सोडलेला गाऊन असेल तर तो पाणी पितो, पायांत गुंडाळतो आणि खाली ओढतो. भरजरी कपड्यात पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हात मारता येत नाहीत. वाहत्या पाण्यात नवरीला उभं करायचंच नाही, एवढा एक नियम पाळलात तरी पुष्कळ झालं.

मग तो फोटो मिळणारच नाही का? मिळेल, आणि बहुधा अधिक चांगला मिळेल. जोडप्याला काठावरच्या कोरड्या, सपाट दगडावर उभं करा, कॅमेरा जमिनीलगत ठेवा, २०० मिलिमीटरची लेन्स लावा आणि मागचा धबधबा फ्रेममध्ये ओढून आणा. लांब लेन्समधून अंतर आक्रसतं. पन्नास फुटांवरचा प्रवाह पाठीशी उभा असल्यासारखा दिसतो. नावेचंही तसंच. नाव काठाला दोराने बांधलेली, पाणी संथ आणि गुडघाभर, आणि फ्रेममध्ये फक्त पाणी व आकाश. तलावाच्या मध्यभागी काढलेला फोटो यापेक्षा वेगळा दिसत नाही. खरोखर आत जायचं असेल तर नावाड्यापासून फोटोग्राफरपर्यंत प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवं, कुणीही उभं राहायचं नाही आणि फोटो दुसऱ्या नावेतून घ्यायचा. 'जॅकेट फोटोत वाईट दिसतं' असं कुणी म्हणालं तर नाव बाहेर आणा आणि बांधलेल्या नावेत शूट करा.

पाण्याच्या जागी पंधरा-वीस मीटरचा, पाण्यावर तरंगणारा दोर जवळ ठेवा. कुणी पडलंच तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशा माणसांच्या साखळ्या बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. दोर फेका, ट्रायपॉड पुढे करा, ओढणी फेका, रिकामा पाण्याचा कॅन फेका. काठावरचं पाऊल काठावरच राहू द्या.

समुद्र

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. किनारा शांत दिसत असला तरी भरती-ओहोटीची वेळ माहीत नसताना पाण्यात शिरणं किती महाग पडतं, हे तेव्हा दिसलं. कोकणात जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा; सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी ताकदीची भरती. ढोबळ हिशेब घरी करा आणि भरतीच्या छापील तक्त्याशी किंवा हवामानाच्या ॲपशी ताडून घ्या. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो.

खडकाळ किनाऱ्यावर तर हा हिशेब हवाच. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग भरतीच्या वेळी टाळावा असं तिथे बजावून सांगतात, ते उगीच नाही. लाटा सारख्या आकाराच्या येत नाहीत, मधूनच दोन-चार मोठ्या येतात. म्हणून खडकावर उतरण्याआधी वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघा. सर्वांत मोठी लाट जिथपर्यंत खडक ओला करते, त्याच्या बऱ्याच वर कोरड्या जागी शूट करा आणि समुद्राकडे पाठ असलेल्या जोडप्यासाठी लक्ष ठेवणारा माणूस समुद्राकडे तोंड करून उभा करा. वाळूच्या किनाऱ्यावर पाणी कुणाला आत ओढत असेल तर त्याने थेट किनाऱ्याकडे झगडत न येता आधी किनाऱ्याला समांतर पोहायचं, ओढ संपली की बाहेर यायचं. गोव्यात जीवरक्षकांनी लाल झेंडा लावला असेल तर तो फोटोसाठीही लालच समजा.

कडा

कड्यावरचे अपघात मला सर्वांत टाळता येण्याजोगे वाटतात, कारण त्यांचं कारण अगदी साधं असतं. माणूस व्ह्यूफाइंडरमध्ये बघत मागे सरकतो, किंवा फोटोग्राफर म्हणतो 'अजून थोडं मागे' आणि जोडपं त्याच्याकडे बघत मागे जातं. वाइड लेन्समधून कडा आहे त्यापेक्षा लांब दिसतो, ही भर त्यात पडते. यावर नियम एकच. डोळा कॅमेऱ्याला असताना पाय हलवायचे नाहीत, आणि पाय हलवायचे तर कॅमेरा खाली. जागा बदलायची असेल तेव्हा फोटोग्राफरने स्वतः चालत जाऊन पायाने जागा दाखवावी, लांबून हातवारे करून नव्हे. जोडप्याला 'मागे या' कधीच म्हणू नका. त्यांना वळून, समोर बघत, त्या जागी चालत जायला सांगा.

कड्यापासून किमान दोन माणसांच्या उंचीइतकं अंतर ठेवा, म्हणजे कुणी आडवं पडलं तरी कड्यापर्यंत पोचणार नाही. पोत्याच्या सुतळीने किंवा रंगीत रिबनने ती रेषा आखून घ्या. आपल्याकडचे अनेक कडे वरून गवताने झाकलेले आणि खालून पोखरलेले असतात, त्यांच्या कडेचा मुरूम वजनाने सुटतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर आतल्या बाजूला वळलेला आहे, वरून त्याचा अंदाजच येत नाही. धुकं आलं की शूट थांबवा, विरेपर्यंत बसून राहा. धुक्यातला फोटो हवाच असेल तर पठाराच्या मध्यावर काढा. मागे दरी आहे की गवत, हे धुक्यात कुणाला दिसणार? उंचावरून आणि दरीच्या बाजूने वाहणारा वारा ओढणी, घुंगट, लांब घेर यांना एकदम ओढतो. सॉफ्टबॉक्स वाऱ्यात शिडासारखा भरतो आणि स्टँडसकट जातो. त्याला पायाशी वाळूची पिशवी बांधा किंवा त्या दिवशी फक्त रिफ्लेक्टरवर काम भागवा.

किल्ल्यांवर आणखी एक धोका लटकलेला असतो, तो म्हणजे आग्या मोहोळ. बुरुजाच्या पोटाखाली, मोठ्या झाडावर, कातळाच्या छपराखाली पोळी आहेत का, हे रेकीतच बघून ठेवा. आजकाल शूटमध्ये रंगीत धुराच्या नळकांड्या फार वापरतात. माझं स्पष्ट मत आहे की किल्ल्यावर आणि जंगलात त्या नेऊच नयेत. धुराने माश्या उठतात, आणि उन्हाळ्यात वाळलेलं गवत पेटायला एक ठिणगी पुरते. पोळ्याजवळ ड्रोन उडवणं, उग्र अत्तर लावणं हेही तसंच. माश्या उठल्याच तर हात न झाडता, तोंड-डोकं कपड्याने झाकून लांब पळायचं, सामान सोडून.

कातळसड्यावर फुरसं, गवतात घोणस. जोडप्याने शॉटपुरत्या मोजड्या घालाव्यात, बाकी वेळ बूट. दंश झालाच तर चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका आणि लस असलेलं रुग्णालय गाठा. रुग्णालयाचं नाव तुम्ही आधीच लिहून ठेवलेलं आहे.

विजेचं म्हणाल तर एप्रिल-मे आणि परतीच्या पावसात दुपारनंतर उघड्या माळावर शूट ठेवू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' ॲप फोनमध्ये असू द्या. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. ट्रायपॉड आणि छत्र्या खाली ठेवून गाडीत बसा, झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

उजेड संपल्यावर

संध्याकाळचा सोनेरी उजेड सगळ्यांना हवा असतो. पण आपल्या अक्षांशावर सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. मुंबईत डिसेंबरमध्ये सूर्यास्त सहाच्या सुमारास, जूनमध्ये सव्वासातनंतर. चढायला एक तास लागला असेल तर दमलेल्या पायांनी, सामान घेऊन, अंधारात उतरायला जास्तच लागेल. म्हणून उजेडाचा शेवटचा शॉट उतरणीच्या पायथ्याशी ठेवा, माथ्यावर नको. प्रत्येकाला डोक्याला लावायचा टॉर्च द्या; मोबाइलच्या टॉर्चने एक हात अडकतो.

आणि परतीचा रस्ता. पहाटे चारला निघालेला फोटोग्राफर रात्री अकराला घाटातून स्वतः गाडी चालवत येतो, हा मला दिवसभरातल्या कोणत्याही कड्याइतकाच मोठा धोका वाटतो. वेगळा ड्रायव्हर घ्या, त्याला दुपारी झोपू द्या. ते जमत नसेल तर रात्री तिथेच मुक्काम करा.

उन्हाळी शूटला शेरवानी आणि जड शालू घालून भर दुपारी कुणाला उभं करू नका. सकाळी नऊपर्यंत आणि पाचनंतर काम करा, मधे सावली, पाणी, ओआरएस. कुणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापून कोरडं पडलं, तर ओल्या कपड्याने अंग गार करत १०८ ला फोन करा.

घरच्या एका माणसाकडे जागेचं नाव, गाडीचा नंबर आणि 'इतक्या वाजेपर्यंत फोन नाही आला तर' ही वेळ लिहून द्या. ११२, १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. रेंज कुठपर्यंत होती हे रेकीत लिहिलं असेल तर एकाने धावत कुठपर्यंत जायचं हेही ठरलेलं असतं. बॅगा वाहणाऱ्या मुलांचा विचार कुणीच करत नाही. घसरड्या वाटेवर वजन घेऊन तीच चालतात. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. स्टुडिओ चालवणाऱ्याने आपल्या प्रत्येक मुलाचा तो हप्ता भरलेला असलाच पाहिजे.

धोक्याचे बहुतेक निर्णय पैशामुळे घेतले जातात. मेकअपचे पैसे दिलेले, कपडे भाड्याने आणलेले, गाडी ठरलेली. मग पाऊस वाढला तरी 'आलोच आहोत तर' असं होतं. यावर उपाय करारात आहे. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असल्यास, किंवा लक्ष ठेवणाऱ्या माणसाने शूट थांबवल्यास तारीख बदलून मिळेल, आगाऊ रक्कम बुडणार नाही, आणि ज्या दिवसाचं काम वाया गेलं त्याची ठरावीक भरपाई फोटोग्राफरला मिळेल, असं एक कलम लिहून घ्या. दोघांचंही नुकसान मर्यादित राहिलं की थांबणं सोपं जातं.

लग्न ठरलेल्या मुला-मुलींनो, आणि त्यांच्या आई-बाबांनो, आगाऊ रक्कम देण्याआधी फोटोग्राफरला तीन गोष्टी विचारा. जागा तुम्ही याच ऋतूत पाहिली आहे का? शूटवर लक्ष ठेवायला कोण असेल? पाऊस वाढला तर तारीख बदलाल का? उत्तर 'बघू' असं आलं तर दुसरा फोटोग्राफर शोधा.